‘मोकळे वातावरण’ कुणासाठी मोकळे? कामाच्या जागी बोलण्याला शिस्त का हवी

“आमच्याकडे वातावरण एकदम मोकळे आहे. कुणीही कधीही काहीही बोलू शकते.” सरकारी कार्यालय असो, खासगी कंपनी असो, सामाजिक संस्था असो, हे वाक्य हमखास कानावर येते. ते कोण उच्चारतो, एवढे फक्त बघा. बहुतेक वेळा तो टेबलाच्या मुख्य खुर्चीवर बसलेला माणूस असतो. आता त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, हातात वही घेऊन बसलेल्या, सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीला विचारा की ताई, गेल्या तीन बैठकांत तुम्ही काय बोललात? ती हसेल. फार तर म्हणेल, “मला विचारलं तेव्हा मी आकडे सांगितले.”

मोकळेपणा सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. ज्याच्या घरात तीन पिढ्या नोकरदार आहेत, ज्याला शाळेपासून वर्गात हात वर करून बोलायची सवय आहे, ज्याचे इंग्रजी अडखळत नाही आणि ज्याच्या आडनावावरून कुणी काही अंदाज बांधत नाही, त्याच्यासाठी नियम नसलेली बैठक खरोखरच मोकळी असते. घरातून पहिल्यांदाच ऑफिसची पायरी चढलेल्या आपल्या मुलामुलींसाठी तीच बैठक म्हणजे न दिसणाऱ्या नियमांची परीक्षा असते. कधी बोलायचे, कुणाचे बोलणे तोडले तर चालते, साहेबांच्या विनोदावर किती हसायचे, चूक दाखवायची तर कुठल्या शब्दांत, हे कुठेच लिहिलेले नसते. ज्यांना ते माहीत असते त्यांना ते घरातून मिळालेले असते. समाजशास्त्रात पिअर बोर्द्यू यालाच सांस्कृतिक भांडवल म्हणतो. पैशाचे भांडवल निदान मोजता येते. हे भांडवल दिसतही नाही, त्यामुळे त्याच्या जोरावर पुढे गेलेला माणूस आपण निव्वळ गुणवत्तेवर पुढे आलो असे प्रामाणिकपणे मानतो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की कामाच्या जागेवरच्या बोलण्याला, विशेषतः कामाबद्दलचा अभिप्राय देण्याघेण्याला, ठरलेली रचना हवी. कोण आधी बोलेल, किती वेळ, कोणत्या क्रमाने, कशाच्या आधारावर, हे लिहून ठरलेले हवे. हा विषय एचआरवाल्यांचा आणि कॉर्पोरेट ट्रेनरांचा आहे असे समजून आपले बरेच कार्यकर्ते त्याकडे पाठ फिरवतात. आम्हाला हा विषय समतेचा वाटतो. त्याची कारणे क्रमाने मांडतो.

‘अ‍ॅटिट्यूड’ नावाचा शेरा

आपल्या ओळखीतल्या नोकरदार तरुणांना त्यांच्या शेवटच्या अप्रेझलमध्ये काय ऐकायला मिळाले ते विचारा. ‘अ‍ॅटिट्यूड सुधारा’, ‘कम्युनिकेशन कमी पडते’, ‘टीममध्ये मिसळत नाही’, ‘ओनरशिप दिसत नाही’. या शेऱ्यांत एकही तारीख नाही, प्रसंग नाही, काम नाही. असा शेरा खोडून काढता येत नाही आणि सुधारताही येत नाही. फाईल उशिरा दिली असे कुणी म्हटले तर तारीख दाखवता येते. ‘तुझा अ‍ॅटिट्यूड’ म्हटले तर काय दाखवणार? गुळगुळीत शब्दांच्या आडून पूर्वग्रह आरामात चालत येतो आणि त्याच्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

ही आमची कल्पना नाही. २००७ साली इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली या नियतकालिकात दोन अभ्यास आले. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावांच्या अर्जांपेक्षा कमी निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो असे हे अधिकारी सांगत, आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे किती महत्त्वाचे आहे हेही सांगत. म्हणजे जात हा शब्द न उच्चारता जातीचे काम होत राहते. दारात जे होते ते आत आल्यावर थांबत नाही. रोजच्या बैठकीत, कामाच्या वाटपात, वर्षअखेरच्या शेऱ्यात ते चालूच राहते.

सरकारी नोकरीत आपल्या आधीच्या पिढीने ‘सीआर’ म्हणजे गोपनीय अहवालाची दहशत पाहिली आहे. साहेबाने वर्षभर तोंडाने काही बोलायचे नाही आणि अहवालात दोन ओळी लिहून माणसाची बढती अडवायची. पूर्वी साधारणपणे प्रतिकूल शेराच तेवढा कर्मचाऱ्याला कळवला जाई. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी यावर महत्त्वाचा निकाल दिला. सीमा रस्ते विभागातल्या या कार्यकारी अभियंत्याला १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. ऐकायला चांगलाच. पण बढतीसाठी ‘खूप चांगला’ लागत होता. म्हणजे ‘चांगला’ या शेऱ्यानेच त्यांची बढती अडली आणि तो त्यांना कधी कळवलाच गेला नव्हता. न्यायालयाने सांगितले की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. त्यानंतर २००९ मध्ये केंद्र सरकारने पूर्ण अहवाल संबंधित कर्मचाऱ्याला देण्याचा आदेश काढला.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. अभिप्राय हा साहेबाच्या स्वभावाचा आणि कृपेचा भाग राहिला तर तो सत्तेचे हत्यार होतो. त्याला पद्धत लागली, तो उघड झाला, त्याला उत्तर देण्याचा मार्ग मिळाला, की तो हक्क होतो. न्यायालयाने हे वर्षातून एकदा लिहिल्या जाणाऱ्या अहवालापुरते केले. उरलेल्या ३६४ दिवसांच्या बोलण्याचे काय? ते आपल्यालाच करायचे आहे.

चार पायऱ्यांचे बोलणे

रचनाबद्ध बोलण्याच्या अनेक पद्धती आज प्रचारात आहेत. त्यातली आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटलेली पद्धत म्हणजे ‘फोकस्ड कॉन्व्हर्सेशन’. इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरल अफेअर्स या संस्थेने ती घडवली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याबरोबर पाद्री म्हणून राहिलेले जोसेफ मॅथ्यूज यांच्या कामातून तिची सुरुवात झाली. पुढे १९९७ मध्ये ब्रायन स्टॅनफिल्ड यांनी कामाच्या जागेवरच्या शंभर संभाषणांचे नमुने देणारे पुस्तक संपादित केले. या संस्थेचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. १९७० च्या दशकात दौलताबादजवळच्या माळीवाडा गावात तिने ग्रामविकासाचा प्रकल्प चालवला होता.

पद्धत चार पायऱ्यांची आहे. आधी तथ्ये, मग मनातली प्रतिक्रिया, मग अर्थ, शेवटी निर्णय. एक पायरी संपल्याशिवाय दुसरीवर जायचे नाही. एवढेच. ऐकताना हे फार साधे वाटते, पण आपल्या बैठका कशा चालतात ते आठवा. आपण पहिल्याच वाक्यात अर्थ लावतो, दुसऱ्या वाक्यात निकाल देतो आणि तथ्ये बैठक संपल्यावर चहाच्या टपरीवर कळतात.

समजा, एका संस्थेच्या चार जणांच्या टीमने सहा वस्त्यांचे सर्वेक्षण केले आणि अहवाल बारा दिवस उशिरा गेला. नेहमीची बैठक कशी होते? प्रमुख म्हणतात, “तुम्ही लोक सिरियसच नाही.” टीम लीडर मान खाली घालतो आणि बाहेर आल्यावर टीमवर ओरडतो. टीममधला सर्वांत धाकटा मुलगा सर्वांत जास्त ऐकून घेतो. पुढच्या वेळी अहवाल पुन्हा उशिरा जातो.

आता हीच बैठक चार पायऱ्यांनी घ्या.

पहिली पायरी तथ्यांची. वस्त्यांच्या याद्या ऑफिसकडून कोणत्या तारखेला मिळाल्या? कोणत्या दिवशी किती फॉर्म भरले? काम कोणत्या दिवशी थांबले होते? इथे ‘का’ विचारायचे नाही. प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची आणि ती फळ्यावर लिहायची. आमच्या या उदाहरणात असे दिसते की याद्याच आठ दिवस उशिरा आल्या, मोबाईलवरचे अ‍ॅप दोन दिवस बंद होते आणि एक जण न सांगता दोन दिवस आला नाही. बारा दिवसांचा हिशेब फळ्यावर आला. ‘सिरियस नाही’ हा शेरा कुणी न खोडताच गळून पडला. त्याच वेळी न सांगता घेतलेली सुट्टीही लपली नाही.

दुसरी पायरी प्रतिक्रियेची. या कामात सगळ्यात जास्त चिडचिड कधी झाली? कुठे बरे वाटले? इथे एखादी ताई सांगते की अ‍ॅप बंद असताना वस्तीतल्या बायका पुन्हा पुन्हा विचारत होत्या आणि तिला लाज वाटत होती. सुट्टी घेतलेला मुलगा सांगतो की घरी अडचण होती, पण सुट्टी मागितली की टोमणा ऐकावा लागतो म्हणून त्याने फोनच बंद ठेवला. ही माहिती कुठल्याही एक्सेल शीटमध्ये सापडत नाही.

तिसरी पायरी अर्थाची. यातून आपल्या कामाच्या पद्धतीबद्दल काय कळते? याद्या कुणी, कधीपर्यंत द्यायच्या हे ठरलेच नव्हते. अ‍ॅप बंद पडले तर कागदी फॉर्म वापरायचे की थांबायचे, हेही माहीत नव्हते. सुट्टी मागायची भीती हा टीमचा प्रश्न आहे, एकट्या त्या मुलाचा नाही.

चौथी पायरी निर्णयाची. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत करणार, हे नावासह लिहायचे. प्रमुखांचे नावही त्या यादीत आले पाहिजे. ज्या बैठकीच्या शेवटी सगळी कामे खालच्यांच्याच नावावर लागतात, ती बैठक चर्चा नसते, हुकूम असतो.

दोघांमधल्या अभिप्रायासाठी याहून लहान साधन आहे. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने ते प्रसिद्ध केले. आधी प्रसंग सांगायचा, मग वागणूक, मग परिणाम. “तुमचा स्वभावच दुसऱ्याचे न ऐकण्याचा आहे” असे म्हणायचे नाही. “मंगळवारच्या बैठकीत ताई वस्तीची माहिती सांगत होत्या, तेव्हा दादा, तुम्ही तीन वेळा मध्ये बोललात. त्यामुळे पाण्याचा मुद्दा राहूनच गेला” असे म्हणायचे. पहिल्या वाक्यावर भांडण होते. दुसऱ्यावर दादा फार तर म्हणतील, तीन वेळा नाही, दोनच वेळा. चालेल. दोन वेळांवर चर्चा होऊ शकते, स्वभावावर होऊ शकत नाही.

हे पश्चिमेकडून आलेले खूळ आहे का?

पद्धतींची नावे इंग्रजी आहेत, पण बोलण्याला नियम लावण्याचा विचार आपल्याला परका नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी याची आठवण करून दिली होती. संसदीय पद्धत भारताला नवी नाही, बौद्ध भिक्षू संघांना बसण्याच्या व्यवस्थेपासून प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, निंदाव्यंजक ठराव अशा साऱ्या गोष्टी माहीत होत्या आणि संघाने त्या पाळल्या होत्या, असे त्यांनी सांगितले. आपण ते भाषण विभूतिपूजेच्या इशाऱ्यासाठी वाचतो, सामाजिक लोकशाहीसाठी वाचतो. बैठक कशी घ्यावी यासाठीही ते वाचले पाहिजे.

विनय पिटकात अभिप्रायाची जी पद्धत आहे ती आजच्या कुठल्याही मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवता येईल इतकी नेमकी आहे. वर्षावास संपला की पवारणा होते. तीन महिने एकत्र राहिलेला प्रत्येक भिक्खू संघासमोर विनंती करतो की माझ्या हातून काही चुकल्याचे तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा. दोन गोष्टी इथे लक्षात घ्या. पहिली, सुरुवात ज्येष्ठ भिक्खूपासून होते. आपल्या कार्यालयांत अभिप्राय वरून खाली वाहतो. इथे सर्वांत वरचा माणूस आधी स्वतःवरचा अभिप्राय मागतो. संयुत्त निकायातल्या पवारणा सुत्तात तर खुद्द तथागत संघाला विचारतात की माझ्या वागण्याबोलण्यात तुम्हाला काही आक्षेपार्ह वाटते का. दुसरी गोष्ट, पाहिलेले, ऐकलेले आणि शंका आलेले या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. आपल्या ऑफिसातली अर्धी भांडणे ऐकलेले हे पाहिलेले म्हणून सांगितल्याने होतात. “तुम्ही हे पाहिलंत, ऐकलंत, की तुम्हाला तसं वाटतं?” एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली तरी निम्मी कुजबुज बंद होईल.

दोष दाखवणाऱ्यासाठीही पाच अटी आहेत. योग्य वेळी बोलेन, खरे तेच बोलेन, मृदू बोलेन, समोरच्याच्या हिताचे बोलेन आणि मनात मैत्री ठेवून बोलेन, असे त्याने आधी स्वतःला बजावायचे. मज्झिम निकायातले अनुमान सुत्त दुसरी बाजू मांडते. कोणत्या सवयींमुळे माणसाला काही सांगणेच अवघड होऊन बसते, त्याची तिथे यादीच आहे. सांगणाऱ्यावरच उलटणे आणि विषय भलतीकडे नेणे या सवयी त्यात आहेत. आपापल्या साहेबांचे चेहरे डोळ्यांसमोर आले असतील. मित्रांनो, आरसाही जवळ ठेवा.

कामगारांच्या प्रश्नातही हेच सूत्र दिसते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून आल्यावर ऑगस्ट १९४२ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद झाली. मालक आणि मजूर समोरासमोर बसले तर मालकाचा आवाज मोठाच राहणार. म्हणून ठरलेले टेबल, ठरलेली विषयपत्रिका आणि दोघांनाही ठरलेले प्रतिनिधित्व लागते. दुर्बळाला रचनेचा आधार लागतो. बलवानाला तो लागत नाही, म्हणूनच बलवान माणूस रचनेला कटकट म्हणतो.

चार आक्षेप

पहिला आक्षेप असा की हे सगळे वेळखाऊ आहे. आहेच. चार पायऱ्यांच्या बैठकीला पाऊण तास लागतो आणि ‘सिरियस नाही’ म्हणायला दोन सेकंद. पण त्या दोन सेकंदांनंतर कॉरिडॉरमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि घरी बायकोनवऱ्यासमोर जे तास जातात, ते कुणी मोजत नाही. सोडून गेलेल्या कार्यकर्त्याच्या जागी नवा माणूस तयार करायला लागणारे महिनेही कुणी मोजत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या लोकांचा आहे आणि तो गंभीर आहे. ‘शांतपणे बोला, पद्धतीने बोला’ हे आपल्याला नेहमीच ऐकवले गेले आहे. अन्याय झालेल्याने आवाज चढवला की चर्चा अन्यायावरून आवाजावर नेली जाते. मग ही रचना म्हणजे आपला संताप दाबण्याचे नवे साधन तर नाही? होऊ शकते. म्हणूनच आम्हाला चार पायऱ्यांतली दुसरी पायरी महत्त्वाची वाटते. तिथे रागाला अधिकृत जागा आहे. तो फळ्यावर लिहिला जातो, इतिवृत्तात येतो. आणि मृदू बोलण्याची अट ज्याच्या हातात बढती, पगार आणि शेरा आहे, त्याच्यावर आधी लागू झाली पाहिजे. दुखावलेल्याने आधी गोड बोलावे, मग आम्ही ऐकू, असे म्हणणाऱ्या प्रमुखाला पद्धत कळलेली नाही. त्याने फक्त पद्धतीचे नाव चोरले आहे.

तिसरा आक्षेप, गप्पांनी जात जाते का? जात नाही. आणि इथे मर्यादा स्पष्ट आखली पाहिजे. कुणी जातीवरून अपमान केला, तर ते ‘कम्युनिकेशन गॅप’ नसते. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. लैंगिक छळ झाला, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्या कायद्यात समेटाचा मार्ग आहे, पण तो तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच, आणि पैशांची तडजोड हा त्याचा आधार होऊ शकत नाही. कायदा करणाऱ्यांनाही माहीत होते की ‘बसून बोलून मिटवू’ या वाक्याखाली काय काय मिटवले जाते. तेव्हा कुणी छळाच्या तक्रारीवर ‘चला, एक संवादसत्र घेऊ’ म्हणाले तर थेट नकार द्या. चार पायऱ्या कामाच्या प्रश्नांसाठी आहेत. गुन्ह्यासाठी तक्रार आहे.

चौथा आक्षेप, साहेबच ऐकणार नसेल तर आम्ही काय करणार? खरे आहे, खालच्या माणसाला बैठकीची पद्धत ठरवता येत नाही. पण प्रश्न विचारता येतात. मोघम शेरा मिळाला की नम्रपणे, शक्यतो ई-मेलवर विचारा : “सर, हे कोणत्या कामात, कोणत्या दिवशी जाणवले ते सांगाल का? पुढच्या तीन महिन्यांत नेमके काय वेगळे दिसायला हवे?” उत्तर मिळाले तर सुधारायला दिशा मिळते. उत्तर मिळाले नाही तर तुमच्या हातात तारखेसह कागद राहतो. दोन्हीही तुमच्या फायद्याचे आहे.

आपल्या घरापासून

आता थोडे आपल्याकडे. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रचनाहीनतेच्या जुलुमावर एक लेख लिहिला. नेता नको, नियम नको, सगळे सारखे, असे म्हणणाऱ्या गटांतही सत्ता असतेच. ती फक्त मैत्रीच्या आणि ओळखीच्या वर्तुळात लपते आणि लपलेल्या सत्तेला जाब विचारता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्या संघटना, वसतिगृहांचे गट, जयंती मंडळे, अभ्यास मंडळे डोळ्यांसमोर आणा आणि सांगा, हा मुद्दा आपल्याला लागू होतो की नाही.

आपल्या किती फुटी विचारांच्या मतभेदातून झाल्या आणि किती ‘मला बोलूच दिले नाही’ यातून झाल्या? आपल्या बैठकांत एक भाषण पंचवीस मिनिटांचे असते आणि मुलींच्या वाट्याला आभारप्रदर्शन येते. टीका तोंडावर होत नाही, ग्रुपवर होते. टीका झाली की तिला उत्तर मिळत नाही, टीका करणाऱ्यावर कुणाचा तरी हस्तक असल्याचा शिक्का बसतो. दोन वर्षे झोकून देऊन काम केलेली मुलगी हळूच येईनाशी होते आणि “लग्न ठरलं असेल” म्हणून आपण विषय संपवतो. तिला कुणी शेवटचे विचारले होते का, की ताई, आमचे काय चुकते? प्रस्थापितांच्या कार्यालयात आपण जो न्याय मागतो, तो आपल्या सतरंजीवर मिळत नसेल तर आपली मागणी अर्धीच राहते.

म्हणून पुढच्या महिन्यापासून सुरू करता येतील अशा काही गोष्टी सुचवतो. कशालाही निधी लागत नाही.

बैठकीची विषयपत्रिका दोन दिवस आधी द्या, म्हणजे ऐनवेळी सुचत नाही त्यालाही तयारी करता येईल. महत्त्वाच्या मुद्द्यावर चर्चेआधी पाच मिनिटे सगळ्यांनी आपापल्या वहीत लिहा. मग सर्वांत नव्या माणसापासून बोलायला सुरुवात करा, अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे. अध्यक्ष आधी बोलले की उरलेले फक्त अनुमोदन देतात. प्रत्येकाला दोन मिनिटे, मोबाईलवर गजर लावून. एकदा सगळ्यांची फेरी झाल्याशिवाय कुणालाही दुसऱ्यांदा संधी नाही. बोलायचे नसेल त्याने ‘पुढे’ म्हणावे, त्याचे कारण विचारू नये. सूत्रसंचालन आणि इतिवृत्त आळीपाळीने करा, आणि इतिवृत्त लिहायचे काम कायम मुलींवर टाकू नका.

दर तीन महिन्यांनी एक बैठक फक्त अभिप्रायासाठी ठेवा. तिथे मात्र क्रम उलटा. सर्वांत वरच्या पदाचा माणूस आधी उठेल आणि विचारेल की माझ्या कामात काय चुकले ते सांगा. सांगणाऱ्याने पाहिले, ऐकले की शंका आहे ते स्पष्ट करायचे. ज्याच्याबद्दल बोलले जाते त्याने लगेच खुलासा द्यायचा नाही, आधी ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगायचे. “म्हणजे तुमचं म्हणणं असं की...” एवढे वाक्य पुरे. बचाव करायची इच्छा त्या एका वाक्याच्या वेळात बरीच खाली उतरते.

सुरुवातीला हे कृत्रिम वाटेल, हसू येईल. टायमर लावून बोलायचे म्हणजे शाळेसारखे वाटेल. पण विचार करा, आपण संविधानाला मानणारी माणसे आहोत. अध्यक्षांच्या परवानगीने बोलणे, प्रस्ताव मांडणे, विरोधी मत नोंदवणे हे संसदेत कृत्रिमच असते. त्या कृत्रिमतेमुळेच तिथे एका मताच्या माणसालाही उभे राहून बोलता येते.

मुख्य खुर्चीवरच्या माणसाची पाळी कधीच चुकत नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या त्या मुलीची पाळी मात्र कुणीतरी ठरवल्याशिवाय येत नाही. ती ठरवणे हे आपले काम आहे. तुमची पुढची बैठक कुठली आहे, कोणत्या तारखेला आहे? तिच्या विषयपत्रिकेपासूनच सुरुवात करा.